आईची मांडी आणि मोटारीतील पट्टा



लेकीच्या वा सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत जाऊन आलेल्या स्त्रियांची संख्या आता आपल्या समाजात थोडीथोडकी राहिलेली नाही. डिंकाचे लाडू, बाळगुटी, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी असा सारा सरंजाम घेऊन गेलेल्या या आजींना तेथील रुग्णालयाच्या दारात एक गोष्ट हमखास खटकते. बाळाला घरी न्यायचे असते, आजी मागच्या आसनावर मांडी सावरून बसते, हात पुढे करते; आणि बाळ तिच्या हाती दिलेच जात नाही. त्याला एका टोपलीसारख्या सीटमध्ये पट्ट्यांनी बांधले जाते, ती सीट मोटारीच्या मागच्या आसनावर उलट्या दिशेने, म्हणजे बाळाचे तोंड मागच्या काचेकडे राहील अशी घट्ट बसवली जाते. घरून कार सीट आणली आहे ना, हे बहुतेक ठिकाणी परिचारिकाच आधी विचारून घेते. दोन दिवसांच्या जिवाला असे जखडून ठेवणे आजीच्या मनाला पटत नाही. परत आल्यावर ती शेजारणीला सांगते, ‘‘तिकडे बाई, आजीच्या मांडीवरसुद्धा विश्वास नाही.’’

या वाक्यातील दुःख खरे आहे आणि त्याची चेष्टा करण्याचे कारण नाही. आपल्या संस्कृतीत मांडी हे जगातील सर्वांत सुरक्षित स्थान मानले गेले आहे. बारशाला बाळ मांडीवर, पहिल्या जावळाला मामाच्या मांडीवर, आजारपणात आईच्या मांडीवर. परंतु ज्या काळात ही श्रद्धा दृढ झाली, त्या काळात मांडी ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने धावत नव्हती. विशेष म्हणजे हीच श्रद्धा अमेरिकेतही होती, आणि ती तेथे मोडून काढण्यास काय काय करावे लागले, हे पाहण्यासारखे आहे. ही हकिगत पुरातन नव्हे. जवळजवळ या न्यासाच्या वयाइतकीच, म्हणजे पन्नास वर्षांच्या आतबाहेरची आहे.

अमेरिकेच्या टेनेसी राज्यात मर्फ्रीसबरो नावाचे गाव आहे. तेथील परगण्याच्या आरोग्य विभागाचे प्रमुख डॉ. रॉबर्ट सँडर्स हे बालरोगतज्ज्ञ होते. लसीकरणामुळे घटसर्प, पोलिओ, गोवर यांना आळा बसू लागला होता, आणि तरीही मुले दगावत होती ती मोटारींच्या अपघातांत. आजारावर लस टोचणारा डॉक्टर या मृत्यूंकडे ‘हा पोलिसांचा विषय’ म्हणून पाठ फिरवू शकला असता. डॉ. सँडर्स यांनी तसे केले नाही. मोटारीतील बालमृत्यू हा रोगासारखाच टाळता येण्याजोगा आहे आणि त्याची लस म्हणजे योग्य सीट, अशी त्यांची धारणा झाली. मुलांच्या सीट तेव्हा बाजारात नव्हत्या असे नाही. फोर्ड व जनरल मोटर्स या कंपन्यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस अपघातातील संरक्षणासाठी खास तयार केलेल्या सीट विक्रीस आणल्या होत्या. घेणारे मात्र फारच थोडे होते.

मुलांना सीटमध्ये बसवणे पालकांवर बंधनकारक करावे, असे विधेयक त्यांच्या प्रयत्नाने १९७६ मध्ये राज्याच्या विधिमंडळात आले आणि फेटाळले गेले. आक्षेप आपल्याला परिचयाचे वाटतील असेच होते. मूल आमचे, मोटार आमची, सरकारने मध्ये का पडावे? गरिबाने सीटचे पैसे कोठून आणावे? डॉ. सँडर्स व त्यांच्या पत्नी पॅट यांनी हार मानली नाही. आमदारांच्या घरी दूरध्वनी करणे, राज्यातील अन्य बालरोगतज्ज्ञांना आपापल्या आमदाराकडे पाठवणे, असे चिकाटीचे काम त्या दांपत्याने केले. १९७७ मध्ये विधेयक संमत झाले आणि १ जानेवारी १९७८ पासून चार वर्षांखालील मुलांसाठी तो कायदा लागू झाला. अशा स्वरूपाचा अमेरिकेतील तो पहिला कायदा होय. १९८५ पर्यंत त्या देशातील पन्नासही राज्यांनी त्याचे अनुकरण केले. डॉ. सँडर्स यांना लोक पुढे ‘डॉक्टर सीट बेल्ट’ म्हणूनच ओळखू लागले.

पण या यशात एक काटा राहून गेला होता. विधेयक मंजूर करून घेताना त्यात एक दुरुस्ती स्वीकारावी लागली होती: बाळ मोठ्या माणसाने हातांत धरले असेल, तर सीटची सक्ती नाही. वरवर पाहता किती माणुसकीची सवलत! आईच्या कुशीतून बाळ ओढून घेणारा कायदा कोणाला आवडेल? डॉ. सँडर्स मात्र या दुरुस्तीला ‘बाळांना चिरडणारी दुरुस्ती’ म्हणत. ती रद्द करून घेण्यास त्यांना १९८१ उजाडावे लागले.

चिरडणारी का, हे नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण आपल्याकडील बहुतेक घरे आजही त्याच सवलतीवर विसंबून प्रवास करीत आहेत.

मोटार ताशी ५० किलोमीटर वेगाने चालली आहे असे धरू. हा काही महामार्गाचा वेग नव्हे. गावातील मोकळ्या रस्त्याचा वेग आहे. समोर काही आडवे आले आणि मोटार आदळून सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबली. मोटार थांबली, तरी आतील माणसे त्याच वेगाने पुढे जात राहतात; सेकंदाला सुमारे १४ मीटर. त्या क्षणी १० किलो वजनाच्या बाळाला धरून ठेवायचे तर हातांना सुमारे १४० किलोचा भार पेलावा लागेल. धान्याचे जवळजवळ तीन कट्टे, आणि तेही कोणतीही पूर्वसूचना न देता, पापणी लवण्याच्या आत. कोणतीही आई, कितीही प्रेमळ आणि कितीही सशक्त असली, तरी हे करू शकत नाही. येथे प्रेमाची कसोटी लागतच नाही. स्नायूंची लागते, आणि ते हरतात. ज्याला गणित नको असेल त्याने एवढेच पाहावे की ताशी ५० किलोमीटरचा आघात हा सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडण्याइतका असतो. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कठड्याविना बाळाला घेऊन कोणी उभे राहत नाही.

हे झाले बाळ हातातून निसटण्याचे. त्याहून भयंकर प्रकार पुढे आहे. आईनेही पट्टा लावलेला नसेल, तर तीही पुढे फेकली जाते, आणि तिच्या व समोरच्या फळीच्या मध्ये बाळ असते. पन्नास-साठ किलोचे शरीर, तेही अनेक पटींनी जड झालेले, बाळावर आदळते. काही सुजाण पालक एकच पट्टा आपल्या व मांडीवरच्या मुलाच्या भोवती मिळून लावतात. त्यात हेतू चांगला, परिणाम तोच. आणि पुढच्या आसनावर मांडीवर बाळ घेऊन बसणे तर सर्वांत घातक, कारण तेथे एअरबॅग असते. ती मोठ्या माणसाची छाती वाचवण्यासाठी स्फोटाच्या वेगाने फुगते. मध्ये बाळाचे डोके आले, तर तो वाचवणारा फुगाच हातोडा ठरतो. याच कारणाने मागे तोंड करून बसवायची बाळाची सीट चालू एअरबॅगसमोर पुढच्या आसनावर कधीही ठेवायची नसते.

आता ती उलटी बसवलेली सीट, जिने आजींना सर्वांत जास्त व्यथित केले. तिची कल्पना स्वीडनमधील. बर्टिल आल्डमन या संशोधकाने १९६० च्या दशकात, अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर टेकून आघात कसा सोसतात हे पाहून, मुलांसाठी मागे तोंड असलेल्या सीटची रचना सुचवली. तान्ह्या बाळाचे डोके त्याच्या अंगाच्या मानाने फार मोठे असते आणि मानेचे मणके अद्याप पुरते हाडाचे झालेले नसतात. पुढे तोंड करून बसलेल्या बाळाचे धड पट्ट्यांनी धरून ठेवले, तरी ते जड डोके पुढे झटकले जाते व सारा ताण कोवळ्या मानेवर येतो. तोंड मागे असेल, तर डोके, मान, पाठ या तिन्हींना सीटची पाठ एकाच वेळी झेलते. ओंजळीत पाणी झेलावे तसे. म्हणूनच बालरोगतज्ज्ञांची आजची शिफारस अशी की सीटची उंची-वजनाची मर्यादा संपेपर्यंत मुलाला मागे तोंड करूनच बसवावे. त्यानंतर पुढे तोंड असलेली, खांद्यावरून व मांड्यांमधून पट्टे येणारी सीट. आणि तीही लहान पडू लागली की मोठ्यांचा पट्टा नीट बसावा म्हणून खाली ठेवायची उंच बैठक, जिला बूस्टर म्हणतात. मुलाची उंची साधारण १४५ सेंटिमीटर होईपर्यंत ती लागते. पट्टा पोटावरून नव्हे तर कमरेच्या हाडावरून, आणि गळ्यावरून नव्हे तर खांद्यावरून गेला पाहिजे, ही तिची खूण.

स्वीडनचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट सांगून पुढे जावे. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा, आज प्रत्येक मोटारीत दिसणारा तीन टोकांचा पट्टा १९५९ मध्ये व्होल्वो कंपनीच्या निल्स बोहलिन या अभियंत्याने सिद्ध केला. त्याआधी ते लढाऊ विमानांतून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करीत असत. कंपनीने या पट्ट्याचे एकस्व घेतले, पण ते इतर सर्व उत्पादकांना वापरू दिले. व्यापारी समाजाने हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पट्टा लावणे कायद्याने सक्तीचे करण्याचा पहिला मान मात्र ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याकडे जातो. तेथे १९७० च्या डिसेंबरात तो कायदा आला.

टेनेसीत कायदा झाला, मग सारी मुले सीटमध्ये बसू लागली काय? मुळीच नाही. कायद्यापूर्वी दहा मुलांत एकही धड सीटमध्ये बसत नव्हते. कायद्यानंतर सुमारे तीन वर्षांनी हे प्रमाण दहांत तीनच्या आसपास पोहोचले. तिप्पट वाढ खरी, पण सात मुले अद्याप मोकळीच होती. येथे कायद्याची मर्यादा दिसते आणि समाजाचे काम सुरू होते.

गरिबाने सीट कोठून आणावी, हा आक्षेप खोटा नव्हता. त्याचे उत्तर अमेरिकेत गावोगावच्या रुग्णालयांनी, आरोग्य केंद्रांनी व सेवाभावी मंडळांनी दिले: सीट उसनी देण्याच्या योजना. तान्ह्या बाळाची सीट जेमतेम वर्षभर लागते, मग तीच दुसऱ्या घरी का जाऊ नये? थोडी अनामत ठेवावी, नाममात्र भाडे द्यावे, बाळ मोठे झाले की सीट परत करावी. न्यूझीलंडमध्ये बालसंगोपनाचे काम करणारी प्लंकेट ही १९०७ पासूनची संस्था. तिनेही अनेक वर्षे अशा सीट भाड्याने दिल्या. स्वीडनमध्ये १९८० च्या दशकात प्रसूतीगृहाच्या वाटेनेच सीट उसनी मिळू लागली. सीट घरी नेऊन कोपऱ्यात ठेवली जाऊ नये म्हणून देणाऱ्याने ती कशी बसवायची हे समोर करून दाखवायचे, अशी चांगल्या योजनांची रीत असे.

या सर्व प्रयत्नांचे पुढे मोजमाप झाले. अमेरिकेतील सामुदायिक आरोग्यविषयक तज्ज्ञमंडळाने २००१ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. कायदा उपयोगी पडतो. सीट वाटप आणि त्यासोबत शिकवण उपयोगी पडते. गावभर प्रचार आणि त्याच वेळी पोलिसांची कडक तपासणी उपयोगी पडते. नियम पाळणाऱ्या पालकांना व मुलांना छोटे बक्षीस आणि शिकवण ही जोडही उपयोगी पडते. नुसती शिकवण, म्हणजे केवळ पत्रके आणि केवळ व्याख्याने, उपयोगी पडतात असे म्हणण्यास मात्र पुरेसा पुरावा मिळाला नाही. व्याख्यानातच हे सांगावे लागावे, हा एक विनोद आहे खरा; पण तो सांगितलेला बरा. टाळ्या वाजवून श्रोते उठतात, बाहेर जातात, आणि बाळाला मांडीवर घेऊन मोटारीत बसतात. हातात वस्तू पडल्याखेरीज आणि ती बसवून पाहिल्याखेरीज सवय बदलत नाही.

बसवून पाहणे हा भाग तर फारच महत्त्वाचा. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने केलेल्या एका पाहणीत, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांप्रमाणे, मुलांच्या ४६ टक्के सीट काही ना काही चुकीच्या रीतीने वापरल्या जात होत्या. म्हणजे पैसे खर्च केले, कायदा पाळला, आणि तरी जवळजवळ निम्म्या ठिकाणी चूक. म्हणून तेथे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून स्वयंसेवकांना रीतसर प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्यात येऊ लागले. अग्निशमन केंद्राच्या किंवा रुग्णालयाच्या आवारात सीट-तपासणीचा दिवस ठरतो, पालक मोटारी घेऊन रांगेत येतात आणि प्रशिक्षित स्वयंसेवक प्रत्येक सीट हलवून पाहतात. पट्टा जेथून जातो तेथे धरून हलवल्यास सीट इंचभराहून अधिक सरकता कामा नये. खांद्यावरील पट्ट्याची चुणी चिमटीत येता कामा नये. साध्या कसोट्या आहेत. दहा मिनिटांत शिकता येतात. सीट योग्य रीतीने वापरली, तर प्रवासी मोटारीत एक वर्षाखालील बाळाच्या मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलाचा ५४ टक्क्यांनी कमी होतो, असे त्याच प्रशासनाने दाखवून दिले आहे. इतका गुण देणारी औषधे वैद्यकशास्त्रातही थोडीच आहेत.

आता आपल्या घरच्या अंगणाकडे वळावे.

कायदा आपल्याकडेही आहे, आणि तो बहुतेकांना ठाऊक नाही. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने कलम १९४-ब आले. चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा मुलांच्या सुरक्षा-सीटने बांधल्याविना वाहन चालवणे वा चालवू देणे हा त्यानुसार एक हजार रुपये दंडाचा अपराध आहे. ‘पट्ट्याने किंवा सीटने’ या शब्दांत एक उणीव राहिली आहे. दोन वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा पट्टा लावला तर कायद्याचे समाधान होते, मुलाची मान मात्र असुरक्षितच राहते. मागच्या आसनावरील मोठ्या माणसांनाही पट्टा बंधनकारक असल्याचा नियम त्याहून जुना आहे. तो कागदावरच होता.

त्या नियमाची आठवण महाराष्ट्राला एका दुर्घटनेने झाली. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले. मोटार उत्तम बनावटीची होती. मागच्या आसनावरील दोघेही दगावले, पुढचे दोघे जखमी होऊन वाचले. मागील दोघांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. मुंबई-अहमदाबाद रस्त्यावरून या समाजातील किती कुटुंबांचे लग्नकार्यासाठी, यात्रेसाठी, व्यापारासाठी नित्य जाणे-येणे आहे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. त्यानंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून मागच्या प्रवाशांनाही पट्टा लावण्याची सक्ती अमलात आणली. काही आठवडे लोकांनी आसनांच्या फटींत हात घालून पट्ट्यांचे खटके शोधले. बऱ्याच मोटारींत ते सापडलेही नाहीत, कारण नवी मोटार घेतल्यावर हौसेने घातलेल्या सीट-कव्हरांखाली ते कायमचे गाडले गेले होते.

केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १६,७१५ माणसे पट्टा न लावता मोटार-अपघातांत दगावली. त्यांपैकी चालक ८,३८४ आणि प्रवासी ८,३३१. चालकाइतकेच प्रवासी, हे विसरता येण्याजोगे नाही. तरी माणूस स्वतःला फसवण्याच्या युक्त्या काढतोच. पट्टा न लावल्यास मोटार जो इशाऱ्याचा आवाज करते, तो बंद पाडण्यासाठी खटक्यात अडकवायच्या धातूच्या चकत्या सर्रास विकल्या जात होत्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच ऑनलाइन विक्रेत्यांना त्या हटवण्याचा आदेश दिला, तेव्हा १३,११८ नोंदी काढाव्या लागल्या. शंभर-दोनशे रुपये खर्चून विकत घेतलेले हे बहिरेपण.

आणि वेग वाढला आहे. नागपूरहून शिर्डीपर्यंतचा समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, २०२५ च्या जूनपासून तो मुंबईच्या दारापर्यंत आला. तेथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. हा वेग ५० च्या अडीच पटींहूनही थोडा कमीच, पण आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाने वाढते. ती पावणेसहा पट होते. तिसरा मजला मागे पडतो आणि अठरा-एकोणीस मजल्यांची इमारत समोर येते. चौदा-पंधरा वर्षांपूर्वीची मोटार, खराब रस्ता आणि मंद वेग यांनी जी मांडी निभावून नेली, ती या रस्त्यावर निभावणार नाही.

अडचणी नाहीत असे नाही. पाच आसनांच्या मोटारीत आजी-आजोबा, आई-वडील, आत्या आणि दोन नातवंडे बसतात; तेथे सीट ठेवायची कोठे? चांगली सीट काही हजारांच्या खाली येत नाही. मूल रडते, आणि रडणारे मूल बांधून ठेवणे आपल्या घरात क्रूरपणा समजला जातो. पुष्कळ कुटुंबांकडे तर मोटारच नाही, दुचाकी आहे. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलासाठी दुचाकीवरही चालकाला बांधणारा पट्टा, शिरस्त्राण आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा असा केंद्राचा नियम २०२२ मध्ये निघून २०२३ च्या फेब्रुवारीपासून लागू झाला, हे त्यांनी ध्यानी ठेवावे. रडण्याविषयी मात्र अनुभव असा की पहिल्या प्रवासापासून सीटमध्ये बसलेले मूल तिला आपली जागा मानते. दोन वर्षे मांडीवर बसवून मग अचानक बांधले, तर ते बंड करणारच. सुरुवात रुग्णालयाच्या दारातूनच व्हावी, यामागील व्यावहारिक कारण हेच.

एक सोय आपल्याकडे आहे जी टेनेसीतील डॉक्टरांना नव्याने उभारावी लागली. महाराष्ट्रातील कितीतरी न्यास, मंडळे व ट्रस्ट रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे चालवतात. चाकाची खुर्ची, वॉकर, वर-खाली होणारा पलंग, प्राणवायूचे सिलिंडर अनामत घेऊन द्यायचे, गरज संपली की परत घ्यायचे, पुसून ठेवायचे, पुढच्याला द्यायचे. त्यासाठी कपाट आहे, नोंदवही आहे, चावी सांभाळणारे कार्यकर्ते आहेत, आणि घरोघरचा विश्वास आहे. त्याच कपाटात तान्ह्या बाळांच्या दहा सीट ठेवण्यास नवी संस्था लागत नाही. वृद्धापकाळची सामग्री जेथे मिळते, तेथेच जन्माची सामग्रीही मिळावी. सातव्या महिन्यात, डोहाळजेवणाच्या सुमारास नाव नोंदवावे. प्रसूतीआधी एका रविवारी घरच्या मोटारीत सीट बसवून पाहावी, आणि शिकायला वडिलांबरोबर आजोबांनाही बोलवावे, कारण मोटार बहुधा तेच काढतात. पाठशाळेत पट्टा लावून आलेल्या मुलांच्या वहीत एक शिक्का मारण्याचा खर्च तर काहीच नाही, आणि घरच्या मोठ्यांना पट्टा लावायला लावण्यात सात वर्षांच्या मुलाइतका कडक हवालदार मिळणे कठीण.

सीट देणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी चार गोष्टी सांगणे अगत्याचे आहे, कारण वॉकर आणि सीट यांत फरक आहे. वॉकरचे आयुष्य डोळ्यांना दिसते, सीटचे दिसत नाही. प्लॅस्टिक उन्हाने ठिसूळ होते, म्हणून तिच्यावर निर्मितीची आणि बहुधा वापराची अंतिम तारीखही छापलेली असते. ती नोंदवहीत पहिल्याच पानावर उतरवून घ्यावी. विकत घेताना भारतीय किंवा युरोपीय सुरक्षा-मानकाची खूण पाहावी. रस्त्यावर स्वस्तात मिळणाऱ्या गादीवजा पिशव्या सीट नव्हेत. दान म्हणून जुनी सीट आली आणि तिचा पूर्वेतिहास देणाऱ्याला सांगता आला नाही, तर ती नम्रपणे नाकारावी. येथे संकोच कामाचा नाही. पट्टे मळले तर ओल्या फडक्याने व सौम्य साबणाने पुसावेत, यंत्रात धुऊ नयेत, ब्लीच तर मुळीच लावू नये. धाग्यांची ताकद जाते. बाळाला दुपट्यात गुंडाळून सीटमध्ये ठेवण्याची आपली पद्धत टाळावी, कारण मग मांड्यांमधला पट्टा बसतच नाही. आधी पट्टे आवळावेत, मग वरून दुपटे पांघरावे. आणि ज्या सीटने मोठा अपघात सोसला आहे, ती वरून अभंग दिसली तरी आतून तडकलेली असू शकते. तिचे काम झालेले असते. अशी सीट परत आल्यावर तिची नोंद तांबड्या शाईने बंद करावी आणि ती चुकून कोणाच्या घरी जाऊ नये म्हणून टाकण्याआधी तिचे पट्टे कात्रीने कापून टाकावेत.